गंगेकाठचे अटन : नाशिक परिसरातील पायवाट आणि मराठीची स्थलजाणीव

प्राचीन मराठी वाङ्मयात निसर्गवर्णन जवळजवळ नाही आणि जे आहे ते संस्कृत महाकाव्याच्या संकेतांतून उतरलेले आहे, हे विधान मराठी वाङ्मयेतिहासात इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याची तपासणी करण्याची गरजच वाटेनाशी झाली. या विधानामागे एक गृहीत दडलेले असते. निसर्ग म्हणजे दृश्य, आणि दृश्य म्हणजे एका जागी थांबून न्याहाळण्याची गोष्ट, हे ते गृहीत होय. ते मान्य केले की बालकवींच्या आधीचे सारे वाङ्मय आंधळे ठरते. परंतु ब्रह्मगिरीपासून नांदूरमध्यमेश्वरापर्यंतचे गोदावरीचे खोरे आणि त्याच्या वायव्येस पसरलेला पेठ-सुरगाण्याचा डोंगरी मुलूख, एवढ्या टापूशी निगडित असलेल्या संहिता क्रमाने वाचल्या, तर तेथे स्थळाची एक अत्यंत सूक्ष्म जाणीव आढळते. ती डोळ्याने घडवलेली नाही, पायाने घडवलेली आहे. इतिहासकारांनी तिला निसर्गजाणीव म्हटले नाही, कारण तिच्यात पाहणारा कोणी नाही, चालणारा आहे.

या जाणिवेचा सर्वांत जुना पुरावा साहित्यकृतीत नसून शिलालेखात आहे. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने आपल्या दानांची यादी कोरली आहे. तीत भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे वाटसरूंसाठी बांधलेल्या धर्मशाळा आहेत. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर ठेवलेल्या फुकट नावा आहेत. पारदा आणि दमणा म्हणजे आजच्या पार व दमणगंगा. त्या नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम कड्यावर उगम पावून गुजरातेकडे उतरतात. गोवर्धन हे गाव आज नाशिकच्या वेशीला लागले आहे. लेखात एकाही नदीला विशेषण नाही. तरीही नद्यांची ही नावे ओळीने वाचताना सह्याद्री उतरून समुद्रापर्यंत जाणारी वाट उभी राहते, कारण येथे नदीला अर्थ एकच : ती ओलांडावी लागते. पुण्य मोजायचे तेही ओलांडण्याच्या सोयीने.

याच सातवाहन-क्षत्रप काळाशी ज्या संग्रहाचे नाते परंपरेने जोडले आहे, त्या हालाच्या ‘गाथासप्तशती’त गोदावरी ‘गोला’ या नावाने वारंवार येते. तिचे वेळूबन, तिचे उतार, तिच्या काठचे कुंज प्रणयिजनांच्या भेटीची ठिकाणे आहेत. यांपैकी एक गाथा भारतीय काव्यशास्त्रात जितकी चर्चिली गेली तितकी क्वचितच दुसरी एखादी गेली असेल. फुले खुडण्यासाठी नदीकाठी फिरणाऱ्या एका धार्मिकाला एक स्त्री सांगते की, ज्या कुत्र्याला तो भीत असे त्याला गोदेच्या कुंजात राहणाऱ्या सिंहाने मारले आहे, तेव्हा त्याने आता निर्धास्त हिंडावे. तो कुंज तिच्या संकेताची जागा आहे आणि धार्मिकाच्या वावराने तिथला एकांत मोडतो, एवढे रसिकाने ओळखायचे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त हेच उदाहरण घेतले : वाच्य अर्थ विधीचा, व्यंग्य अर्थ निषेधाचा. महिमभट्टाने हे सारे अनुमानातच बसते असे म्हटले. मम्मटाने त्याला उत्तर दिले की, हेतूच अनैकांतिक आहे. भित्रा माणूससुद्धा गुरूच्या वा स्वामीच्या आज्ञेने किंवा प्रियेच्या ओढीने सिंह असलेल्या जागी जातोच.

या वादात गोदावरी कोठे गेली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. काश्मीरच्या शास्त्रकारांना ती कधी दिसली असण्याचे कारण नव्हते. त्यांच्यासाठी ती उदाहरणातील एक पद होती. परंतु गाथेचा सारा अर्थ एका विशिष्ट माणसाच्या रोजच्या फेरीवर तोललेला आहे. वाट नेहमीची नसती, कुत्रा ओळखीचा नसता आणि कुंज गावापासून चालत जाण्याइतका जवळ नसता, तर निषेध ध्वनित झालाच नसता. व्यंजना येथे परिसरज्ञानावर उभी आहे. शास्त्राने व्यंजना ठेवली आणि परिसर गाळला. मराठी समीक्षेने पुढे ध्वनिविचार आत्मसात केला तो काश्मीरमार्गे, आणि त्यामुळे स्वतःच्या नदीकाठची ही गाथा तिच्यापर्यंत नदीवाचून पोचली.

परिसरज्ञानाची ही परंपरा मराठी गद्यात ‘लीळाचरित्रा’ने पुढे चालवली. म्हाइंभटाने सुमारे १२७८ मध्ये सिद्ध केलेल्या या ग्रंथाची चर्चा चरित्र, गद्यशैली व समाजदर्शन या तीन अंगांनी भरपूर झाली आहे. त्याची रचना मात्र चालण्याची आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. चक्रधर सतत वाटेवर आहेत. एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना कोठे देऊळ लागते, कोठे नदीचा उतार, कोठे झाड. तेथे ते बसतात, कोणी काही विचारते, उत्तर मिळते आणि लीळा संपते. पुढची लीळा पुढच्या मुक्कामावर. कथानकाला कार्यकारणाचा धागा फारसा नाही. धागा वाटेचा आहे. शिकाऱ्यांपासून पळून आलेल्या सशाला चक्रधरांनी गुडघ्याखाली आसरा दिला, ती लीळा सर्वश्रुत आहे. तेथील माळाचे वर्णन कोणी करीत नाही. ससा धावत येतो, तेवढ्याने माळ सिद्ध होतो.

म्हाइंभटाने या आठवणी मिळवल्या त्याही चालून : ज्याच्याजवळ लीळा असेल त्याच्या गावी जाऊन, त्याला विचारून. मूळ प्रत पुढे यादवसत्तेच्या पाडावाच्या धामधुमीत हरवली आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा जुळवावा लागला, असे पंथाची परंपरा सांगते. स्मरणाला अशा वेळी आधार लागतो, आणि तो आधार स्थळांचा होता असे मानण्यास जागा आहे. कारण याच परंपरेत ‘स्थानपोथी’ निर्माण झाली. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली ही पोथी वाङ्मयेतिहासात संदर्भग्रंथ म्हणून उल्लेखिली जाते आणि बाजूला ठेवली जाते. ती वाचावयास रुक्ष आहे, हे खरे. अमुक गावाच्या अमुक दिशेस देऊळ, त्याचे दार कोणीकडे, त्याच्या अमक्या अंगाला चक्रधर बसले ती जागा : असा तिचा क्रम. पण तिची परिभाषा लक्षात घेण्याजोगी आहे. जेथे दीर्घकाळ मुक्काम झाला ते ‘अवस्थान’, रात्र काढली ती ‘वसति’, नुसते बसणे झाले ते ‘आसन’. म्हणजे भूमीचे वर्गीकरण देहाच्या तेथील थांबण्याच्या प्रमाणात केलेले आहे. डोंगर, नदी, रान हे भेद येथे गौण होत. निफाड तालुक्यातील सुकेणे आज महानुभावांचे मोठे क्षेत्र आहे. अशा क्षेत्रांत स्थानावर ओटा बांधलेला असतो आणि वंदन त्या ओट्याला असते. मूर्तीच्या मुखाकडे पाहण्याइतकेच माथा टेकण्याच्या जागेला येथे महत्त्व आहे.

चक्रधरांच्या सूत्रांत या चालण्याची सीमाही आखून दिली आहे. भिक्षूने महाराष्ट्रात असावे, कानडी आणि तेलंगी मुलखात जाऊ नये. पण महाराष्ट्रातही राजधानीच्या गावी न राहता देशाच्या टोकाला, झाडाखाली जन्म कंठावा. दोन आज्ञा एकत्र वाचल्या की भिक्षू नेमका सीमेवर येऊन उभा राहतो. पुढील भाष्यकारांनी ‘देश’ म्हणजे काय हे सांगताना गोदावरीचे दोन्ही तीर आणि वऱ्हाड यांसह काही मंडले मोजली, तेथेही मराठी भाषा जेथवर बोलली जाते तेथवर, ही कसोटी वापरली आहे. ही कसोटी कानाची आहे. चालता चालता बोली बदलली की देश संपला. १ मे १९६० रोजी जी रेषा ठरली तिने डांग गुजरातेत गेले, सुरगाणे-पेठ नाशिकात राहिले. आणि दोन्हीकडच्या कोकणी पाड्यांवर बोली मात्र एकमेकींत मिसळतच राहिली. डांगी ही मराठीची बोली की गुजरातीची, हा त्या काळी हिरिरीने लढवला गेलेला वाद पायी हिंडणाऱ्या भिक्षूला विचित्र वाटला असता. त्याच्या कसोटीत सीमा म्हणजे रुंद पट्टा होता, आणि त्या पट्ट्यातच त्याने राहावयाचे होते.

वारकरी परंपरेतही नाशिक परिसराने दिलेली मूळ कथा चालण्याचीच आहे, किंबहुना वाट चुकण्याची. विठ्ठलपंत सहकुटुंब ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाघ आडवा आला, पांगापांग झाली, आणि निवृत्तिनाथ ज्या गुहेत शिरले तेथे गहिनीनाथ होते. प्रदक्षिणेची ठरलेली वाट मोडली तेव्हाच ज्ञानाची परंपरा सुरू झाली, हा या कथेचा ध्वनी पुरेसा बोलका आहे. श्रावणात, विशेषतः तिसऱ्या सोमवारी, हजारो लोक ती फेरी आजही करतात, आणि पौष वद्य एकादशीला दिंड्या निवृत्तिनाथांच्या समाधीशी येतात.

१८६५ साली थळ घाटातून रेल्वे वर आली. कसाऱ्याहून इगतपुरीस चढताना खिडकीतून दिसणारी दरी हे मराठी प्रवासवर्णनाचे ठरीव दृश्य बनले. चालणारा बसला आणि भूमी चालू लागली. निसर्ग ‘वर्णन’ करण्याची शक्यता, आणि तिच्याबरोबर ते जुन्या ग्रंथांत का नाही ही तक्रार, अशा बैठकीतून अधिक बळावली असावी. इरावती कर्व्यांची ‘वाटचाल’ किंवा दि. बा. मोकाशींची ‘पालखी’ (१९६४) या लेखनात पाय पुन्हा जमिनीला लागतात खरे. परंतु लेखक आता दोन कामे एकदम करीत असतो, चालणे आणि चालणाऱ्यांना पाहणे. म्हाइंभटाला दुसऱ्या कामाची सवड नव्हती. कर्वे-मोकाशींच्या गद्यातील ताण याच दुहेरीपणातून येतो, आणि तो त्यांचा दोष मानण्याचे कारण नाही.

गोदा-कादवेच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वराचा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. त्याच्या पाणथळीला २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रात पहिल्यांदाच. तेथे मनोरे आहेत आणि दुर्बिणी आहेत. हिवाळ्यात परदेशी बदके पाहावयास माणसे येतात व संध्याकाळी परततात. ‘स्थानपोथी’च्या परिभाषेत या भेटीला वसति म्हणता येणार नाही. फार तर आसन.