दिवाणी आणि फौजदारी : एका वाटणीची कुळकथा

शेजाऱ्याने बांध कोरला, नांगर हातभर आत घातला, म्हणून शेतकरी तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जातो. ठाणे अंमलदार ऐकून घेतो आणि सांगतो, ‘हे दिवाणी स्वरूपाचे प्रकरण आहे, कोर्टात जा.’ ऐकणाऱ्याला वाटते, आपल्याला वाटेला लावले. कधीकधी ते खरेही असते. पण ‘दिवाणी’ या शब्दामागे फार जुनी वाटणी आहे. ती एकदा कळली की कोर्टाच्या कागदावरचे निम्मे शब्द अडत नाहीत.

फारसीत ‘दीवान’ म्हणजे नोंदवही, आणि पुढे ती वही सांभाळणारी कचेरी. हा शब्द खूप हिंडला. कवीच्या कवितांचा संग्रह दीवान झाला, दरबाराची बैठक दीवान झाली आणि आपल्या बाहेरच्या खोलीतला दिवाणही त्याच घराण्यातला. मुघल सुभ्यात मात्र दीवान हा वसुलीचा मोठा अधिकारी होता. शेतसारा, जमिनी आणि सरकारी हिशेब त्याच्या हाती असत. जिथे जमिनीची आणि पैशाची नोंद, तिथेच त्यांचे तंटे येणार, हे ओघाने आले.

फौजदाराचे काम वेगळे. ‘फौज’ अरबी, ‘दार’ फारसी. फौज बाळगणारा तो फौजदार. वाटा सुरक्षित ठेवायच्या, दरोडेखोरांना पकडायचे, बंड मोडायचे, ही त्याची जबाबदारी. थोडक्यात, दीवानाकडे वही होती आणि फौजदाराकडे तलवार.

या दोन हुद्द्यांची दोन न्यायालये झाली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात. १२ ऑगस्ट १७६५ रोजी बादशहा शाह आलम दुसरा याने बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी कंपनीला दिली. वसुलीबरोबर जमिनीच्या आणि देण्याघेण्याच्या तंट्यांचा निवाडाही कंपनीकडे आला. शिक्षेचा अधिकार, म्हणजे निजामत, नावापुरती नवाबाकडे राहिली. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने जिल्ह्याजिल्ह्यात दोन अदालती उभ्या केल्या. दिवाणी अदालतीत इंग्रज कलेक्टर बसे. फौजदारी अदालतीत काझी आणि मुफ्ती बसत आणि कलेक्टर देखरेख करी. हुद्द्यांची नावे अशी खटल्यांना चिकटली.

आपल्याकडे मराठेशाहीत ही वाटणी इतकी काटेकोर नव्हती. पाटील, देशमुख, मामलेदार कारभार पाहत आणि निवाडाही करत. वतनाचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे वतनदार आणि गावकऱ्यांच्या सभेपुढे, येई. दावा मांडणारा तो अग्रवादी, त्याला उत्तर देणारा पश्चिमवादी. दोघेही जामीन देत आणि सभेचा निर्णय मान्य करू असा राजीनामा लिहून देत. निवाडा झाला की जिंकणाऱ्याला निवाडपत्र मिळे आणि हरणारा हार मान्य करणारे यजितखत लिहून देई. जिंकणारा सरकारात ‘हरकी’ भरी. हरणारा जे भरी त्याचे नाव होते ‘गुन्हेगारी’. वतनाचा तंटा हरणे आणि दंडास पात्र होणे यांत आजच्यासारखी भिंत नव्हती, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

पेशवाई १८१८ मध्ये संपली. इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने आधी जुनी पंचायत टिकवून पाहिली. पुढे त्याच्याच गव्हर्नरपदाच्या काळात १८२७ ची संहिता आली आणि मुंबई इलाख्यात दिवाणी आणि फौजदारी कामांचे नियम वेगळे झाले. १८५९ मध्ये दिवाणी प्रक्रियेचा कायदा झाला, १८६१ मध्ये फौजदारी प्रक्रियेचा. १८६२ मध्ये मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले, तेव्हा इलाख्यातल्या वरिष्ठ अदालती, म्हणजे ‘सदर दिवाणी’ आणि ‘सदर फौजदारी’, त्यात विलीन झाल्या. अदालती गेल्या, शब्द राहिले. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी वकिलाच्या तोंडी ‘फौजदारी केस’च आहे, आणि गावात पोलीस उपनिरीक्षकाला अजूनही फौजदारच म्हणतात.

आता याच वाटणीच्या उजेडात रोजचे शब्द पाहू. दिवाणी बाजूला ‘दावा’ असतो. अरबीत दावा म्हणजे हक्क सांगणे. वादी म्हणतो, हे माझे आहे, मला मिळवून द्या. समन्स बजावल्यावर प्रतिवादी देतो ती ‘कैफियत’. तिच्या मुळाशी ‘कैफ’, म्हणजे ‘कसे’, हा अरबी प्रश्न आहे. काय घडले, कसे घडले, हे आपल्या बाजूने सांगायचे. ती सामान्यतः ३० दिवसांत द्यावी लागते. न्यायालय कारणे नोंदवून ९० दिवसांपर्यंत मुदत वाढवू शकते. समन्स घरात ठेवून गप्प बसणाऱ्याविरुद्ध दावा एकतर्फी चालतो, म्हणून ही मुदत प्रत्येकाने लक्षात ठेवावी. बांध कोरणाऱ्याला थांबवायचे तर ‘मनाई हुकूम’ मागायचा. निकाल आपल्या बाजूने लागला तो ‘हुकूमनामा’, आणि तो समोरच्याने पाळला नाही तर बजावणीसाठी ‘दरखास्त’. म्हणजे दावा जिंकला तरी कधीकधी अर्धीच वाट सरलेली असते.

फौजदारी बाजूला ‘फिर्याद’ येते. फारसी फर्याद म्हणजे आक्रोश, मदतीची हाक. या हाकेला ओ देणारे शासन असते. म्हणून पोलिसांनी दोषारोपपत्र पाठवलेल्या खटल्याच्या शीर्षकात ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ आरोपी असे लिहिलेले दिसते. खटला सरकारी वकील चालवतो आणि फिर्यादी बहुधा साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभा राहतो. ‘माझी केस आणि मलाच कोणी विचारत नाही’ ही फिर्यादींची व्यथा इथून येते. पुराव्याचे मापही वेगळे. दिवाणीत कोणाची बाजू अधिक संभवनीय ते पाहतात. फौजदारीत गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, कारण तिथे माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते.

‘जामीन’ शब्दाचीही गल्लत होते. मुळात जामीन म्हणजे हमी घेणारा माणूस. जामीन राहणे हा आपला वाक्प्रचार तेच सांगतो. आता सुटकेलाच जामीन म्हणतात आणि माणसाला जामीनदार. जामीन मिळाला म्हणजे आरोपी निर्दोष ठरला, असे मुळीच नाही. तो तारखेला हजर राहील, याची हमी तेवढी घेतलेली असते.

एकाच घटनेतून दोन्ही वाटा फुटू शकतात. बांधाच्या भांडणात कोणी कुऱ्हाड मारली, तर मारहाणीचा खटला फौजदारीत चालतो आणि बांध कोणाचा हे ठरायला दिवाणी दावाच लागतो. आरोपीला शिक्षा झाली म्हणून जमीन आपोआप परत येत नाही. अनेक तालुक्यांच्या ठिकाणी दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग एकच व्यक्ती असते. दीवान आणि फौजदार एका खुर्चीत येऊन बसले आहेत, पण त्यांच्या वह्या आजही निराळ्या आहेत.

म्हणून कोर्टाची पायरी चढताना वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारावा : मला काय हवे आहे? माझी वस्तू परत हवी, की अपराध्याला शिक्षा हवी, की दोन्ही? उत्तराप्रमाणे वाट ठरेल. हा प्रश्न विचारण्याचा आणि समोर आलेल्या कागदावरचा प्रत्येक शब्द समजून घेतल्याखेरीज सही न करण्याचा हक्क प्रत्येक पक्षकाराला आहे. तो त्याने निःसंकोच वापरावा.