सारायेवो : पुलाजवळचं वळण आणि विमानतळाखालचं भुयार

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. मजकूर इंग्रजीत. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून किती माणसं गेली आणि त्यातली किती मेली, एवढंच तिच्यावर कोरलेलं. सातारा भागात आणि कोकणात अशा पाट्या बऱ्याच गावांत आहेत. अपशिंगे मिलिटरी या एकट्या गावाने त्या युद्धात ४६ जवान गमावले. लहानपणी मी आजोबांना विचारायचो, "आबा, ही माणसं कुठं गेली होती?" आबा म्हणायचे, "बसऱ्याला." पण का गेली, हे विचारलं की ते गप्प व्हायचे.

ज्या वळणावरून ही गोष्ट सुरू झाली, त्या वळणावर मी एका रविवारी उभा होतो. शांतिसेनेच्या एका अभ्यासक्रमासाठी बोस्नियाची राजधानी सारायेवो इथे दहा दिवस मुक्काम होता. आपल्या शाळेच्या पुस्तकात 'साराजेव्हो' होतं, तेच हे गाव. नाव तुर्की 'सराय'वरून आलेलं, म्हणजे आपली सराई. रविवारी वर्ग नव्हता. बूट चढवले आणि निघालो.

नव्या ठिकाणी पोहोचलं की आधी उंच जागा गाठायची, ही फौजेची सवय. म्हणून सकाळी पहिल्यांदा चढलो तो जुन्या तटबंदीच्या 'पिवळ्या बुरुजा'वर. वाटेत कोवाचीचं कब्रस्तान लागतं. पांढऱ्या दगडांच्या रांगाच रांगा. जन्माची सालं वेगवेगळी, मृत्यूची मात्र बहुतेक १९९२ ते १९९५ मधलीच. शहीदांच्या कबरींजवळून जाताना पाय आपोआप हळू पडतात, मग देश कुठलाही असो.

बुरुजावरून सगळं शहर दिसतं. परातीत ठेवल्यासारखं. मध्ये मिल्याच्का नावाची बारकी नदी, दोन्ही बाजूंना चढत गेलेली लाल कौलांची घरं आणि त्यांच्या वर डोंगर. दक्षिणेला त्रेबेविच, जिथे १९८४ च्या हिवाळी ऑलिम्पिकची स्पर्धा झाली. मला द्रास आठवलं. १९९९ मध्ये तोलोलिंगवर बसलेल्या शत्रूला श्रीनगर-लेह रस्त्यावरची आपली गाडी न् गाडी दिसत होती. इथे तर रस्त्याच्या जागी अख्खं शहर. डोंगर ज्याच्या ताब्यात, त्याला खालच्या माणसाच्या हातातली पाण्याची बादलीसुद्धा दिसणार.

खाली उतरलो तो बाश्चार्शिया या जुन्या बाजारात. ही पंधराव्या शतकातली तुर्की पेठ. तिच्यात एक गल्ली तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांची. पुण्याची तांबट आळी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना तो आवाज ओळखीचा वाटेल. कॉफीची भांडी, ताटल्या, आणि त्यांच्याच शेजारी तोफगोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांवर नक्षी करून बनवलेले फुलदाण्या आणि पेन. एक पुंगळी हातात घेतली, तळावरचे आकडे वाचले आणि परत ठेवली. विकत घ्यायला मन झालं नाही.

तिथून पाच मिनिटांवर नदीकाठी 'वियेच्नित्सा' ही जुनी नगरपालिकेची इमारत आहे. ऑस्ट्रियाच्या राजवटीत बांधलेली, १८९६ मध्ये उघडलेली. २८ जून १९१४ ला ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांचं स्वागत इथेच झालं. इथे येताना वाटेत त्यांच्यावर बॉम्ब फेकला गेला होता. ते वाचले, पण मागच्या गाडीतले लोक जखमी झाले. समारंभानंतर युवराज म्हणाला, जखमींना बघायला इस्पितळात जाऊ. म्हणून रस्ता बदलायचं ठरलं. गाड्या गावातल्या गल्लीत न वळता नदीकाठाने सरळ जाणार होत्या.

मी त्याच वाटेने चालू लागलो. नदी डाव्या हाताला. जेमतेम पाचशे मीटरवर लॅटिन पूल लागतो, आणि पुलासमोर उजवीकडे वळणारी गल्ली. ड्रायव्हर इथेच वळला, कारण रस्ता बदलल्याचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं! चुकलास म्हणून ओरडल्यावर त्याने गाडी थांबवली. कोपऱ्यावर एकोणीस वर्षांचा गाव्रिलो प्रिन्सिप पिस्तूल घेऊन उभा होता. दोन गोळ्या. पती-पत्नी दोघंही गेले.

ज्यांनी कधी कॉन्व्हॉय चालवला आहे, त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. रूट बदलला तर पहिल्यांदा ड्रायव्हरला सांगायचं, हे आपण नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतो. अर्थात युरोप आधीच दारूगोळा भरून बसला होता. ठिणगी इथे नाही तर दुसरीकडे पडली असती. पण पडली ती इथेच.

बरोबर महिन्याने, २८ जुलैला, ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं. ४ ऑगस्टला ब्रिटन उतरलं. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने आला आणि नोव्हेंबरमध्ये आपली सहावी पुणे डिव्हिजन बसऱ्याच्या बाजूला उतरली. आबांचं 'बसऱ्याला' ते हे. पुढे याच डिव्हिजनला कुत-अल-अमारा इथे वेढा पडला. त्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. १४७ दिवस. घोडी-खेचरं कापून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. सुमारे १३,००० जण कैदेत गेले आणि त्यातले हजारो परतले नाहीत. आमच्या चावडीवरची पाटी आणि हे वळण यांच्यामध्ये एवढंच अंतर.

कोपऱ्यावरच्या पाटीचीही कथा आहे. १९३० मध्ये युगोस्लाव्हियात इथे प्रिन्सिपच्या गौरवाची पाटी लागली. १९४१ मध्ये जर्मनांनी ती उखडली आणि हिटलरला वाढदिवसाची भेट म्हणून दिली. पुढे टिटोच्या काळात प्रिन्सिप पुन्हा वीर झाला आणि पूलही त्याच्या नावाचा झाला. आता पुलाला जुनंच नाव आहे आणि आजच्या पाटीवर फक्त तारीख आणि घटना. वीर नाही आणि खुनीही नाही. चार राजवटींनंतर एवढंच सगळ्यांना मान्य झालं असावं.

पुलापासून आत वळलं की दहा मिनिटांच्या चालीत मशीद, ऑर्थोडॉक्स चर्च, कॅथलिक कथीड्रल आणि सिनॅगॉग अशी चारही धर्मस्थळं लागतात. फरसबंदीकडे लक्ष ठेवून चाला. मध्येच जमिनीवर फुलासारखे लाल डाग दिसतात. तोफगोळा फुटून माणसं मेली, त्या खड्ड्यांत लाल राळ भरलेली आहे. लोक त्यांना 'सारायेवोचे गुलाब' म्हणतात. पुढे मार्काले हा भाजीबाजार. ५ फेब्रुवारी १९९४ ला इथे एका गोळ्याने ६८ माणसं मारली. २८ ऑगस्ट १९९५ ला पुन्हा ४३. मी गेलो तेव्हा तिथे टोमॅटो आणि चेरी विकायला होत्या.

बोस्निया युगोस्लाव्हियातून वेगळा झाला आणि एप्रिल १९९२ मध्ये सर्ब सैन्याने हे डोंगर धरले. वेढा १,४२५ दिवस चालला. कुतच्या जवळजवळ दहापट! आणि कुतमध्ये बहुतेक फौज होती, इथे बहुतेक बायका-मुलं आणि म्हातारेकोतारे. ऑगस्ट १९९२ मध्ये ती वियेच्नित्साही जळाली. तेव्हा ते राष्ट्रीय ग्रंथालय होतं. लाखो पुस्तकांची राख शहरावर पडली. २०१२ मध्ये वेढ्याला वीस वर्षं झाली, तेव्हा मुख्य रस्त्यावर ११,५४१ रिकाम्या लाल खुर्च्या मांडल्या होत्या. प्रत्येक मृतासाठी एक.

दुपारी ट्रामने इलिजाला गेलो आणि तिथून चालत विमानतळामागच्या एका घरी. या घरातून भुयार सुरू होतं. १९९३ मध्ये दोन्ही टोकांकडून हाताने खणलेलं. लांबी सुमारे ८०० मीटर, रुंदी एक मीटर, उंची १.६ मीटर. वर धावपट्टी, आणि धावपट्टी संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात. निळी टोपी वर, आणि तिच्या पायाखालून पीठ, औषधं, दारूगोळा आणि जखमी. आता थोडाच भाग बघायला ठेवला आहे. मी वाकून आत गेलो आणि पाठ ताठ करता येईना.

इथे एका आपल्या माणसाची आठवण काढायलाच हवी. या शांतिसेनेचे पहिले फोर्स कमांडर होते लेफ्टनंट जनरल सतीश नांबियार. मराठा लाईट इन्फंट्रीचे, १९७१ च्या युद्धातले वीरचक्र विजेते. मार्च १९९२ मध्ये ते सारायेवोत आले. काम होतं शेजारच्या क्रोएशियात, मुख्यालय इथे ठेवलं ते जागा शांत म्हणून. महिन्याभरात त्याच जागेवर गोळे पडायला लागले आणि मे महिन्यात मुख्यालयाचा मोठा भाग बेलग्रेडला हलवावा लागला. हाताखाली कित्येक देशांचं सैन्य, पण दिलेला आदेश वेगळ्याच लढाईसाठीचा. वर्ष संपल्यावर त्यांनी मुदतवाढ नाकारली. ज्यांनी निळी टोपी घातली आहे, त्यांना ते ओझं समजेल.

पुढे हेगच्या न्यायालयाने या डोंगरांवरच्या सर्ब कोअरच्या दोन सेनापतींना शिक्षा दिली. एकाला जन्मठेप, दुसऱ्याला २९ वर्षं. डोंगर जिंकल्याबद्दल ती शिक्षा नव्हती. उंची घेणं हे सैनिकाचं कामच आहे, तोलोलिंगसाठी आपलीही पोरं कामी आली. शिक्षा होती ती वरून खालच्या पाण्याच्या रांगेवर, ट्रामवर, बाजारावर नेम धरल्याबद्दल. सोमवारी वर्गात चर्चा निघाली, तेव्हा मी एवढंच सांगितलं की दुर्बिणीत काय दिसतंय हे तोफचीला माहीत असतं, आणि हुकूम देणाऱ्यालाही.

सुट्टीवर आलो की चावडीवरच्या पाटीसमोर थांबेन. आबा आता नाहीत. पण शेजारच्या पोरांपैकी कोणी विचारलं, "काका, ही माणसं का गेली होती?" तर सांगायला सुरुवात कुठून करायची, ते आता मला ठाऊक आहे.

जय हिंद.