घाटाचा राजा

शिवाजी पार्क म्हटलं की लोक क्रिकेटवर घसरतात. घसरोत बापडे. इथल्या पोराने बॅट धरली नाही तर शेजारी आईबापांकडे चौकशी करत, अशा काळात मी सायकल धरली. त्यामुळे या मैदानाकडे बघायची माझी नजर थोडी वाकडी आहे. मला खेळपट्टीआधी कट्टा दिसतो. मैदानाभोवतीचा हा कट्टा सुमारे 1.17 किलोमीटर भरतो, आणि त्याला लागून रस्ता आहे. पहाटे दूधवाले आणि पेपरवाले सोडले तर तो रस्ता आमचाच असे.

महापालिकेने 1925 साली हे मैदान लोकांसाठी खुलं केलं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. 1927 साली, त्या काळच्या हिशेबाने शिवजन्माला तीनशे वर्षं झाली म्हणून, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला आजचं नाव मिळालं. त्याच सुमाराला मुंबईची काही पोरं सायकलवरून जग पालथं घालत होती. बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण ऑक्टोबर 1923 मध्ये निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे मार्च 1928 मध्ये 44,000 मैल, म्हणजे सुमारे 71,000 किलोमीटर तुडवून परत आले. गिअर नाही, डांबरी रस्ता नशिबाने. सहनशक्तीची सायकलिंग परदेशातून आलेलं नवं खूळ आहे असं आज कुणी म्हणालं, की मी ही तीन नावं सांगतो.

पण ती सफर होती, शर्यत नव्हे. आमच्यासाठी शर्यत एकच, मुंबई-पुणे. 1940 च्या दशकात सुरू झालेली, मध्ये मध्ये खंड पडत आलेली, आणि महाराष्ट्रातल्या सायकलपटूच्या लेखी जिच्यापुढे बाकीच्या शर्यती म्हणजे सराव. अंतर साधारण दीडशे किलोमीटर. एवढं अंतर सपाटीवर कुणीही दमदार माणूस कापतो. या शर्यतीला शर्यत केलं ते खोपोली ते खंडाळा या दहा-बारा किलोमीटरांनी. बोरघाटात जो पहिला माथ्यावर पोचेल तो ‘घाटाचा राजा’, आणि त्याचं बक्षीस वेगळं. पुण्याला कोण पहिला आला हे लोक वर्षभरात विसरत. त्या साली घाटाचा राजा कोण होता, हे चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा सांगे.

फ्रान्समध्येही हेच झालं. टूर द फ्रान्स 1903 ला सुरू झाली आणि 1910 साली आयोजकांनी तिला पिरेनीजच्या तूरमालेवर चढवलं. ऑक्ताव्ह लापीझने त्या डोंगरात आयोजकांना चक्क खुनी म्हटलं, आणि त्या वर्षीची टूर त्यानेच जिंकली. डोंगरातल्या सर्वोत्तम सायकलपटूला वेगळा मान मिळू लागला 1933 पासून, आणि त्याची ती लाल ठिपक्यांची जर्सी तर 1975 ची. आमच्या राजाला जर्सी नव्हती. खंडाळ्यात उभ्या असलेल्या लोकांच्या आरोळ्या होत्या.

आता या घाटाविषयी. शर्यतीआधी शेकडो वर्षं इथून बैल, तट्टू आणि माणसं चढली. गाड्या जातील असा पक्का रस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, नोव्हेंबर 1830 मध्ये खुला झाला. पुढे 1863 मध्ये रेल्वे घाट चढली. घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रज इंजिनिअरांना डोंगरातली वाट दाखवणाऱ्या धनगराची ती जागा, अशी कथा सांगतात. गाडीवाले तिथे नाणं टाकून पुढे जातात. आम्ही हात जोडत नव्हतो, कारण हॅण्डल सोडायची सोय नव्हती. मनातल्या मनात मात्र सगळेच काहीतरी कबूल करत.

खोपोली समुद्रसपाटीपासून साठेक मीटरवर आणि खंडाळा साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे तेवढ्या टप्प्यात पाचशे मीटर चढायचं, तेही सत्तर-ऐंशी किलोमीटर मारून झाल्यावर. मुंबईच्या पोराची इथेच गोची होते. आमचा सगळा सराव सपाटीचा. चढ म्हणजे दादरचा टिळक पूल, फार तर केम्प्स कॉर्नरवरून मलबार हिल. पुणेकराला कात्रज आणि सिंहगड हाताशी. सांगलीची पोरं दणकट, आणि सेनादलाचे, रेल्वेचे खेळाडू तर पगारी सराव केलेले. शिवाजी पार्कच्या फेऱ्या मारून दम वाढतो, चढ येत नाही, हे खोपोलीच्या पुढच्या पहिल्या वळणावर कळतं.

तोवर सगळे घोळक्यात असतात. पुढच्याच्या चाकामागे चाक ठेवायचं, वारा त्याला कापू द्यायचा, पाळी आली की आपण पुढे जायचं. पनवेलपर्यंत गप्पाही चालत. ठाण्याच्या खाडीवरचा पूल 1973 चा. त्याआधी पनवेलला जायचं तर ठाणे, मुंब्रा, शिळफाटा असा मोठा वळसा पडे, आणि रविवारी सराव करायचा तर अर्धा रविवार तिथेच जाई. घाट लागला की घोळका फुटतो. वाऱ्याचा आडोसा तिथे कामाचा नाही. वजन, फुप्फुसं आणि गिअर एवढंच उरतं. चढावर सीटवरून उठणारा पोरगा लवकर संपतो, हे आम्हाला जुन्या खेळाडूंनी सांगितलं होतं. खरे चढणारे बसून, खालमानेने, एकाच लयीत पॅडल मारत जातात. त्यांच्याकडे बघून काही विशेष चाललंय असं वाटतच नाही.

माथ्याच्या अलीकडे 1830 चाच एक दगडी पूल होता, अमृतांजन पूल. बामच्या जाहिरातीवरून पडलेलं नाव. पोटऱ्यांना गोळे आलेल्या माणसाने ते नाव वाचावं, यापरता विनोद घाटात नाही. एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, तो सुरुंग लावून पाडला. वाहतुकीला अडचण होती हे मान्य. मला तरी तो पडल्याचं दुःख झालं, कारण तिथून पुढे माथा जवळ आला हे पायांना कळत असे.

सायकलींचंही सांगायला हवं. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता, देशात सायकल बनवणाऱ्या सुरुवातीच्या कारखान्यांतला. पुढे तो डबघाईला आला आणि 1980 मध्ये संसदेने कायदा करून हिंद आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. तोवर लुधियाना आणि मद्रासच्या सायकलींनी बाजार घेतला होता. शर्यतीला मात्र बहुतेक जण जुनी विलायती फ्रेम शोधत, मडगार्ड, स्टँड, कॅरिअर काढून टाकत, वाकडं हॅण्डल बसवत. स्थानिक शर्यतींत साध्या सायकलींचा गट वेगळा आणि गिअरवाल्यांचा वेगळा असे. साध्या सायकलवर चढण चढणाऱ्याला मी आजही जास्त मानतो. यात तर्क नाही, जिव्हाळा आहे.

ज्याला आज माउंटन बाइक म्हणतात ती फार नंतरची. कॅलिफोर्नियात मारिन काउंटीच्या डोंगरात 1976 साली काही टोळभैरवांनी जुन्या जाड टायरच्या सायकली उतारावरून सोडून शर्यत लावली. तिचं नाव रिपॅक, कारण एका उतारात हबमधलं ग्रीस जळून जाई आणि ते नव्याने भरावं लागे. वीस वर्षांत, 1996 ला अटलांटात, हा खेळ ऑलिंपिकमध्ये पोचला. अमेरिकेतल्याच लेडव्हिलची शंभर मैलांची शर्यत दहा हजार फुटांवरच्या गावातून सुटते. आपल्याकडे 2005 पासून हिमाचलात डोंगरी शर्यत होऊ लागली. लांब पल्ल्याच्या रस्त्यावरच्या सायकलिंगमध्ये मराठी मुलखाने नाव काढलं ते अलीकडेच. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी 2015 मध्ये जोडीने अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ म्हणजे रॅम ही शर्यत पुरी केली, 2017 मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने. सुमारे 4,800 किलोमीटर.

या सगळ्यांचं कौतुक आहेच. पण घरच्या घाटाचं काय? 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्यावर सायकलला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. अडचण अशी की घाटात काही किलोमीटर जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग एकच होतात. त्यामुळे शर्यत म्हटली की वाहतूक अडवायची, पोलिसांची परवानगी, रुग्णवाहिका, आणि शेवटी पैसे. क्रिकेटच्या सामन्याला जे एका फोनवर मिळतं त्यासाठी सायकलवाल्यांनी महिनोन्महिने उंबरे झिजवायचे, हे माझ्या पिढीने पाहिलं, पुढच्या पिढीनेही पाहिलं.

द्रुतगती मार्गाचा खोपोली ते कुसगाव हा ‘मिसिंग लिंक’ बोगद्यांतून, पुलावरून काढण्यामागचा हेतूच घाटातली गर्दी कमी करण्याचा आहे. तेव्हा सरकारला आणि सायकल संघटनांना माझी विनंती एवढीच. घाटावरचा भार हलका झाला की वर्षातला एक रविवार, सकाळचे चार तास, खोपोली ते खंडाळा हा जुना रस्ता फक्त सायकलींना द्या. पुण्यापर्यंत शर्यत नेता आली तर उत्तम, नाही नेता आली तरी चालेल. घाटाचा राजा मात्र दर वर्षी ठरला पाहिजे.