आहारविकारांच्या उपचारातले आईवडील

अन्न समोर असूनही उपाशी राहून खंगत जाणाऱ्या रोग्यांची वर्णने जुनी आहेत. लंडनचे डॉक्टर रिचर्ड मॉर्टन यांनी 1689 साली क्षयरोगावरील ग्रंथात अठरा वर्षांच्या एका मुलीची हकिगत लिहिली. तिला ताप नव्हता, खोकला नव्हता. मूळ त्यांना मनाच्या काळजीत दिसले. औषधांना कंटाळून तिने ती सोडली आणि तीनच महिन्यांत ती गेली.

आजाराला नाव मिळायला पुढे जवळजवळ दोनशे वर्षे लागली. 1873 साली पॅरिसमध्ये शार्ल लासेग आणि लंडनमध्ये विल्यम गल यांनी स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले. ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव गल यांचे. घरचे लोक आधी विनवण्या करतात, मग धमक्या देतात आणि दोन्हींनी हट्ट वाढतो, हे लासेग यांनी अचूक टिपले होते. पण त्यातून निघालेला निष्कर्ष कठोर होता. रोग्याची शुश्रूषा करायला नातेवाईक सर्वांत अयोग्य, असे गल यांचे मत. पॅरिसचे शार्को तर आईवडिलांना दूर पाठवल्याशिवाय उपचार सुरूच करीत नसत. मुलगी परक्यांच्या हाती एकटी आणि घरचे अपराधी, ही मांडणी पुढे शंभर वर्षे टिकली.

मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये अँसेल कीझ यांनी 36 निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांना अन्नाचा ध्यास लागला, ते उदास आणि चिडचिडे झाले, माणसांपासून तुटले. ज्याला स्वभावदोष समजले जाई, त्यातला बराच भाग उपासमारीचाच परिणाम होता. रोग्याला ‘हट्टी’ म्हणण्याचा आधारच यामुळे डळमळायला हवा होता. प्रत्यक्षात ते फार सावकाश घडले.

नाझी जर्मनीतून निसटून अमेरिकेत गेलेल्या मनोविकारतज्ज्ञ हिल्डे ब्रूख यांनी रोग्याला त्याच्या वागण्याचा अर्थ समजावण्याऐवजी त्याचे ऐकून घेण्याचा आग्रह धरला. त्यांचे ‘द गोल्डन केज’ 1978 साली आले. त्यांच्या सिद्धान्तात मात्र बाळाची भूक न ओळखणारी आई होतीच. म्हणजे करुणा रोग्यापर्यंत पोहोचली, आईपर्यंत नाही. फिलाडेल्फियात साल्व्हादोर मिनुचिन यांनी कुटुंबाला उपचारात आणले, आपल्यासमोर एकत्र जेवायला बसवले. पण दोष त्यांनीही कुटुंबाच्या घडणीतच शोधला.

खरा पालट लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात झाला. 1979 साली बुलिमियाचे, म्हणजे अनावर खाऊन ते बाहेर काढण्याच्या विकाराचे, वर्णन करणारे जेराल्ड रसेल आणि त्यांचे सहकारी यांनी 1987 साली 80 रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध केली. रुग्णालयात वजन सावरल्यावर काहींना कुटुंबासह, काहींना एकट्याने वर्षभर उपचार मिळाले. एकोणीस वर्षांच्या आत आजार जडलेल्या आणि तीन वर्षांहून कमी काळ आजारी असलेल्या ॲनोरेक्सियाच्या रोग्यांना कुटुंबासह उपचार अधिक लाभले. या पद्धतीत कारण कोणाच्या माथी मारायचे नाही. आजार वेगळा, मूल वेगळे. आणि मूल पुन्हा स्वतः नीट जेवू लागेपर्यंत त्याच्या जेवणाची जबाबदारी आईवडिलांची. मोठ्या वयाच्या रोग्यांना तिचा तितका उपयोग दिसला नाही. त्यांच्यासाठी इतर मार्ग शोधले गेले. पॉल गिल्बर्ट यांची करुणाकेंद्री उपचारपद्धती केन गॉस यांनी आहारविकारांकडे वळवली. लाज आणि स्वतःची निर्भर्त्सना हे तिचे लक्ष्य.

ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी 2017 साली ॲनोरेक्सिया असलेल्या मुलांसाठी व किशोरांसाठी कुटुंबासह उपचाराला पहिली पसंती दिली.