किल्ल्यावरील दारूखाना

आपल्या औशाच्या आणि उदगीरच्या किल्ल्यांतील तोफा मंडळातील बहुतेक भगिनींनी पाहिल्या असतील. पण त्या तोफांची दारू कोठे आणि कशी ठेवीत, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. इतिहासाची पुस्तके लढाया आणि तह सांगून मोकळी होतात. स्मरणिकेसाठी मी हा विषय सुचविला तेव्हा तो बायकांना रुक्ष वाटेल, अशी शंका निघाली. मला मात्र दारूखान्याची व्यवस्था वाचताना सारखे आपले धान्याचे पेवच आठवत होते.

बंदुकीची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. त्यांत सुमारे तीन चतुर्थांश सोरा. तिचे शत्रू दोन, विस्तव आणि ओल. विस्तवापासून वाचवायची तर तिला जाड भिंतींच्या आड, जमिनीखाली कोंडावी लागते. ओलीपासून वाचवायची तर वारा आणि ऊन दाखवावे लागते. एकीचा उपाय तोच दुसरीचा अपाय! आपल्याकडे वर्षाला तीसएक इंच पाऊस, तेवढ्यानेही पेवाच्या कडेची ज्वारी काळी पडते. मग जेथे शंभराहून अधिक इंच पाऊस आणि चोहोंकडे खारा वारा, त्या कोकणच्या जलदुर्गावर काय होत असेल?

या कोड्याचे उत्तर रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त सापडते. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांपैकी हे गृहस्थ; त्यांनी इ. स. १७१५ च्या सुमारास हा ग्रंथ सिद्ध केला, आणि त्यातील दुर्गांच्या प्रकरणात दारूखान्याचीही आज्ञा आहे. ती माझ्या शब्दांत सांगते. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा. सदरेपासून अंतर राखून जागा बांधावी आणि सभोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण करावे. आत तळघर, तळघराला चुन्याचा गच, गचावर लाकडी माच आणि माचावर दारूची मडकी. बाण वगैरे मधल्या घरात. आठपंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन माल बाहेर काढवावा, उन्हे दाखवावीत आणि पुन्हा मोहोर करून ठेवावा. पहारा रात्रंदिवस, परवानगीवाचून आसपास कोणी फिरकू नये.

पाहा, गच जमिनीची ओल अडवितो, आणि त्यातूनही जी वर येईल ती माचाखालच्या पोकळीत राहते. आपण पोत्यांखाली फळ्या घालतो, त्यातलाच हा प्रकार. निर्गुडीच का, याचे कारण दिलेले नाही. माझे अनुमान असे, की तिला गुरे तोंड लावीत नाहीत आणि ऐन उन्हाळ्यात ती हिरवी राहते, म्हणजे वणव्याची ठिणगी तिच्यात सहज धरत नाही. धान्यात निर्गुडीचा पाला घालणाऱ्या बायकांना तिची ओळख निराळी करून द्यावयास नकोच. युरोपियन लोक आपल्या कोठारांवर दगडी कमान चढवीत, आणि भिंतीतले झरोके आतून वळवीत, म्हणजे वारा जाई पण ठिणगी सरळ आत पडत नसे. युक्ती चांगली आहे. पण दर पंधरवड्याला ऊन दाखविणारा हवालदार मला अधिक भरवशाचा वाटतो.

आता हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गाकडे वळू. रत्नागिरी जिल्ह्यातील हा किल्ला समुद्रातील खडकावर उभा आहे. दरवाजापाशी दगडात कोरलेले कासव आणि भिंतीवर मारुती आहे. आत झाडी माजली असून पडक्या इमारतींची जोती तेवढी उरली आहेत. तुळाजी आंग्र्यांविरुद्ध नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरले. उदगीरची १७६० ची लढाई ज्यांच्या कारकिर्दीत झाली तेच हे नानासाहेब. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने किल्ल्यावर तोफा डागल्या. एक गोळा आत फुटून आग लागली, ती पसरत मोठ्या दारूखान्यापर्यंत पोचली आणि कोठार उडाले. आतली माणसे बायकामुलांसह जिवाच्या भीतीने बाहेर पडली. ती सुमारे एक हजार होती, असे त्या वेळच्या हकिकती सांगतात. सातआठ होड्यांतून त्यांनी पळण्याचा प्रयत्न केला, पण इंग्रजांच्या गलबतांनी त्यांना वाटेतच पकडले. थोड्याच दिवसांत किल्ला पडला.

घरांपासून दूर ठेवा, ही अमात्यांची आज्ञा कागदावर उतरून तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. पण बेट लहान, त्यावर हजार माणसे. दूर ठेवायचे म्हटले तरी जागा आणायची कोठून? पुढल्याच वर्षी विजयदुर्गाच्या पायथ्याशी आंग्र्यांचे आरमार असेच पेटले. घरचे भांडण मिटविण्यास परक्याला बोलाविण्याची ही किंमत फार झाली, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा म्हणून मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद झाली. त्यांत सुवर्णदुर्गही आहे. मंडळाची सहल कोकणात न्यायची ठरल्यास ती दिवाळीनंतर न्यावी. किल्ल्यात जायला हर्णैहून होडी करावी लागते, आणि पावसाळ्यात तो समुद्र होडीजोगा नसतो.