एका अक्षराचा निरोप

आषाढ. तुम्ही इटियाडोहच्या भिंतीवर उभे आहात. पाठीशी गाढवी नदीचं अडवलेलं पाणी, पुढे अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या बांध्यांत भाताची रोवणी. खालच्या गावात सिकलसेल या रक्तविकाराची तपासणी चाललीय. एका मुलीच्या बोटावर रक्ताचा थेंब आलाय. त्यात उतरा आणि काळ काही दिवस मागे फिरवा.

तुम्ही तिच्या हाडातल्या मज्जेत आहात. घडत असलेल्या तांबड्या पेशीत अजून केंद्रक आहे. डीएनएवरून बीटा-ग्लोबिन या प्रथिनाचा निरोप, म्हणजे एमआरएनए, उतरतोय. जीएजी ही अक्षरं हवीत तिथे जीयूजी. मधले दोन तुकडे कापले जातात, एका टोकाला टोपी, दुसऱ्याला शेपूट चढते आणि तो केंद्रकाच्या छिद्रातून बाहेर पडतो. अर्धवट निरोप नष्ट करणारी यंत्रणा पेशीत आहे. हा मात्र पूर्ण आहे, म्हणून त्याला कोणीच अडवत नाही. हीच गोष्ट मला छळते.

मग पेशी केंद्रकच बाहेर टाकते. नवा निरोप आता येणार नाही. जुनाच पुढे वाचला जातो, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसत राहतं.

हे वाचन पाहायला 1963 मध्ये या. वॉर्नर, नॉफ आणि रिच हे शास्त्रज्ञ सशाच्या अशाच कोवळ्या तांबड्या पेशींतून काढलेले रायबोसोम, म्हणजे निरोप वाचणारी यंत्रं, पाहताहेत. बहुतेक पाच-पाचच्या पुंजक्यांत, एमआरएनएच्या एकाच धाग्यावर. पण ते पेशीबाहेर काढलेले, थांबलेले. जिवंत पेशीतली निरोपाची चाल पाहायची तर 2003 गाठा. रॉबर्ट सिंगर आणि एदुआर बर्त्राँ यांच्या चमूने एमआरएनएला एमएस2 विषाणूतल्या गाठींची माळ जोडलीय, त्या गाठींना हिरवं चमकणारं प्रथिन चिकटतं. सस्तन प्राण्याच्या जिवंत पेशीत एकेक ठिपका भरकटतो, थबकतो, मध्येच सरळ धावतो. तोच रेणू, वाट मात्र क्षणाक्षणाला वेगळी.

आता मुलीच्या जन्माआधी जा. आईच्या पोटात तिच्या पेशी मुख्यतः गॅमा-ग्लोबिनचा निरोप वाचताहेत. बीटाची चूक जीनमध्ये आहेच, पण ती अजून फारशी उतरवली जात नाही. जन्मानंतरही काही महिने हे गॅमाचं हिमोग्लोबिन टिकतं, म्हणून तान्ह्या बाळाला त्रास नसतो. मग बीटाची पाळी येते. प्राणवायू सोडलेल्या सदोष हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोरे बनवतात, पेशी वाकते, सांधे ठणकतात.

हायड्रॉक्सीयुरियाची गोळी हाच मिटलेला गॅमाचा निरोप पुन्हा थोडा लिहायला लावते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज घ्यायची आणि अधूनमधून रक्त तपासायचं. रोवणीच्या घाईतही ती चुकायला नको.