मर्सेनची यादी

मी शाळेंत गणित शिकवीत असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें होतें, "ही मूळसंख्या आहे, हें कशावरून?" मी म्हणालों, "पुस्तकांत तसें दिलें आहे." मुलगा मुकाट्यानें खालीं बसला, पण तें उत्तर मला पुढें पुष्कळ वर्षें टोंचत राहिलें. आज सांगावयाची हकीकत त्याच प्रश्नाची आहे.

एक आणि ती स्वतः यांखेरीज जिला कोणत्याहि संख्येनें निःशेष भाग जात नाहीं, ती मूळसंख्या. दोनाच्या घातांतून एक वजा केला असतां ३, ७, ३१, १२७ अशा मूळसंख्या मिळतात. घातांक मूळसंख्या असल्यावांचून हें घडत नाहीं. पण तो तसा असला म्हणजे घडतेंच, असेंहि नाहीं. अकराव्या घातापासून मिळणारी २०४७ ही २३ व ८९ यांचा गुणाकार आहे.

इ. स. १६४४ मध्यें मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकांनीं २५७ पर्यंतचे कोणते घातांक साधतात, याची यादी छापली. तींत ६७, १२७ व २५७ हे होते. सिद्धता मात्र दिलेली नव्हती.

सवादोनशें वर्षांनंतर, १८७६ सालीं, एदुआर्द ल्यूका यांनीं १२७ वा घात तपासला. ती संख्या ३९ अंकी :

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

भाजक लावून पाहावयाचे, तर वीस अंकी संख्यांपर्यंत जावें लागेल. त्यास मनुष्याचें आयुष्य पुरावयाचें नाहीं. ल्यूकांनीं भाजक शोधलेच नाहींत. त्यांच्या रीतीला लेहमर यांनीं १९३० मध्यें सुटसुटीत रूप दिलें. चार घ्या, वर्ग करून दोन वजा करा, तपासावयाच्या संख्येनें भागून बाकी ठेवा, पुनः तेंच करा. ३१ साठीं चारांवरून १४ येतात, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी शून्य. घातांकाहून दोन कमी इतक्या वेळां केल्यावर शून्य उरलें, तरच ती मूळसंख्या. आपल्या ३९ अंकी संख्येला हें १२५ वेळां करावें लागतें.

त्याच वर्षीं ल्यूकांनीं ६७ चा दावा खोटा ठरविला. पण अवयव हातीं आले नाहींत. ते १९०३ मध्यें अमेरिकेंत फ्रँक कोल यांनीं दिले : १९३७०७७२१ व ७६१८३८२५७२८७. शोधणें महाकठीण, पण गुणाकार पडताळणें शाळकरी मुलासहि शक्य! पुढें २५७ हि चुकीचा ठरला. ६१, ८९ व १०७ हे यादींतून सुटले होते. एकंदर पांच चुका.

ल्यूकांची संख्या १९५१ पर्यंत ज्ञात मूळसंख्यांत सर्वांत मोठी राहिली. त्यानंतर विद्युद्गणकयंत्रें आलीं. २०२४ सालीं सांपडलेल्या मूळसंख्येस ४,१०,२४,३२० अंक आहेत. तिची खात्रीहि याच रीतीनें झाली.

मर्सेन मोठे विद्वान् होते. तरी संख्या मोठेपणाची भीड धरीत नाहीं. आज तो मुलगा समोर असता, तर पुस्तकाकडे बोट न दाखवितां मी त्याच्या हातीं पाटी दिली असती आणि म्हटलें असतें, "बाळ, चारांपासून आरंभ कर."